मांडीवर उघडं राहीन असं पुस्तक

बालाघाट, २० जून २०२४

समे,

जय भीम घे, अन पहिले शिव्या खा. बाकीचं मंग.

तुझं पार्सल काल आलं. घरच्या पत्त्यावर, तुझ्या बापाच्या, माझ्या चैतरामच्या नावानं. पोस्टमननं सरळ त्याच्याच हातात देलं. त्यानं सुतळी सोडली, कागद काढला. वर फोटो काय, तं एक बाप लहान्या पोरीचं बोट धरून चालून राह्यला अन समोर सूर्य बुडून राह्यला. चैतरामनं पुस्तक पालथं केलं अन धानाच्या कोठीवर ठेवून देलं. ते तिथंच आहे. तुझी आई त्याच्यावर भाजीची टोपली ठेवते.

तू लिहिलं की बाबालोकायचा दिवस होता म्हणून मालकानं तुमच्या पुस्तकाच्या दुकानात टेबल मांडाले लावलं, ‘बाबांसाठी पुस्तकं’ असा बोर्ड, अन त्याच टेबलावरून तू हे उचललं. मले एक सांग, त्या टेबलावरून किती बाबायनं पुस्तक उचललं? पोरीच उचलत असतीन. बाबा बाहेर गाडीवर बसून हॉर्न वाजवत असतीन.

माणसाले त्याच्याच दुखण्याचं पुस्तक देऊ नये. पोट दुखते त्याले पोटाचा फोटो कोणी दाखवते का? तीन वर्सं झाले. पाहुणे बैठकीत बसले होते, सोयरीक पक्की होऊन राह्यली होती, अन तू सगळ्यायसमोर बोलली, “आठवी नापास माणसानं माझं ठरवू नये.” अन बॅग घेऊन नागपूरले चालली गेली. सोयरीक मोडली त्याचं त्याले काही नाही. तू मोहितसंग कोर्टात लग्न केलं, त्याचंही तो गिळून बसला. पण ते वाक्य गिळलं नाही. अन आता त्याच माणसाले तू किताब पाठवते! त्याले काय वाटलं असन? पोरगी म्हणते, आता तरी शिक.

तुले माफी मांगायची आहे हे मले समजते. तोंडानं मांगायची तुझी हिंमत नाही, हे पण समजते. मागच्या दिवाळीत तू न सांगता आलती तं तो रामपायलीले बहिणीकडं जाऊन बसला, तू गेल्यावरच आला. म्हणून सांगतो, जोपर्यंत तो स्वतःच्या तोंडानं ‘ये’ म्हणत नाही, तोपर्यंत येऊ नको. पुस्तकं पाठव. पण मले विचारून पाठव. त्याले मी जन्म देला आहे, तुझ्या मालकानं नाही.

फोन करू नको. फोन वाजला की तुझी आई रडते, तो उठून बाहेर जाते, अन माझा चहा थंडा होते. चिठ्ठी लिही. चवथी शिकलेली बाई आहे मी, एक चिठ्ठी वाचाले अर्धा दिवस लागते. पण दिवस मले पुष्कळ आहेत.

तो सध्या घरीच आहे, धानाच्या मिलमधून सुट्टी आहे. हात जरासा लागला होता. बरा आहे. त्याच्याबद्दल काही लिहू नको.

तुझी आजी
मैनाबाई

बालाघाट, ९ जुलै २०२४

समे,

दुसरं पुस्तक माझ्या नावानं आलं, हे बरं केलं. मी ते आंगणातल्या हातपंपाजवळच्या दगडावर विसरल्यासारखं ठेवलं. त्यानं उचललं. तीन पानं वाचली. मी आतून पाहून राह्यली होती.

मंग मले आवाज देला, “माय, हा माणूस सकाळी पाचले उठा म्हणून राह्यला.”

“तं?”

“मी तीस वर्सं चारले उठलो. पाचच्या शिफ्टीले मिलच्या मशीनचा पट्टा मीच चढवत होतो. हा पाचले उठून करते काय?”

“पुस्तकं लिहिते.”

“मंग झोपू दे त्याले,” म्हणे, अन ठेवून देलं.

पोरी, असं पुस्तक त्यालेच द्यावं ज्याचा बाप चारले उठत होता अन जो स्वतः नवाले उठते. कामाच्या माणसाले काम कसं करावं हे सांगाले जाऊ नये. हसू मले आलं, पण काम झालं नाही.

मंग मी ठरवलं, आपणच तपास करावा. दुलीचंद न्हाव्याच्या दुकानात जाऊन बाकावर बसली. माणसं बसले होते नंबर लावून. दुलीचंद घाबरला, म्हणे, “अम्मा, आप यहाँ? बाल कटवाओगी क्या?” मी म्हटलं, “तोंड सांभाळ. मले सांग, माणसं कायचं पुस्तक वाचतात?” तो वस्तरा थांबवून म्हणे, “अम्मा, मरद लोग किताब नहीं पढ़ते.”

अन समोर पाह्यतो तं काय! एक जण पेपरचा फाटका तुकडा वाचून राह्यला. दुसरा मलमाच्या डब्बीवरचं बारीक अक्षर. तिसरा भिंतीवरचं जुनं कॅलेंडर, मागचा महिना पलटवून.

“मंग हे काय करून राह्यले?”

“ये तो टाइम पास कर रहे हैं, अम्मा.”

तेच तं! वाचतात, पण वाचून राह्यले असं कोणाले दिसू नये. वाचताना पाह्यलं की लाजतात, जसं कोणी रडताना पाह्यलं. म्हणून ‘बाबांसाठी’ असा बोर्ड लावशील तं एकही बाबा तिथं येणार नाही. बोर्ड काढ. पुस्तकं काउंटरजवळ ठेव, जिथं पोरीची वाट पाहत तो उभा राहते. हातानं चाळून पाहाले त्याले कारण पायजे. मालकाले सांग, बालाघाटच्या बुढीनं सांगितलं.

अजून एक. मराठी तो बोलते, वाचते हिंदी. त्याची शाळा इथंच, हिंदीत झाली. मी माहेरी भंडाऱ्याकडं शिकली, म्हणून मले हिंदी लिहिता येत नाही अन त्याले मराठी वाचाचा कंटाळा. पुस्तक हिंदीत पाठव.

मोहितले जय भीम सांग. तो मोबाईल दुरुस्त करते ना? हातानं काम करणारा जवाई आहे, हे तरी बरं केलं तू.

आजी

बालाघाट, २९ जुलै २०२४

समे,

आता माझी अक्कल ऐक. आपल्या वॉर्डातल्या विहारात लोखंडी कपाट आहे. धम्मपाल मास्तर रिटायर झाल्यापासून तोच सांभाळते. वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यात, लोक त्या कपाटासाठी पुस्तकं दान देतात. मी म्हटलं, समीचं पुस्तक कपाटात जाईन, कपाटातून माझ्या हातात, माझ्या हातातून चैतरामकडं. विहाराचं पुस्तक नाही म्हणाची त्याची छाती नाही.

धम्मपालले सांगितलं. तो म्हणे, “मावशी, लपवाछपवी कायले?” मी म्हटलं, “तू फक्त शिक्का मार.” तुझं राजे अन लढायांचं जाड पुस्तक त्यानं शिक्का मारून देलं. तू सोबत तुझ्या नावाची चिठ्ठी टाकली होती, ती त्यानं मांगून घेतली. म्हणे नियम आहे.

चैतरामनं पुस्तक घेतलं. खाटेवर बसला. उघडलं. बंद झालं. परत उघडलं. मंग भिंतीले टेकवलं, पोटावर ठेवलं, कुशीवर झाला. शेवटी म्हणे, “अक्षर बारीक आहे.” अक्षर बारीक नाही, मी स्वतः पाह्यलं. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक दुलीचंदच्या दुकानात गेलं अन आता तिथं सगळा वॉर्ड रोज लढाई करून राह्यला. ते परत यायचं नाही, आशा सोड.

मतलब जाड पुस्तक नको. पातळ पाठव. अन असं पाठव की मांडीवर ठेवलं की उघडंच राहीन. पकडून ठेवा लागू नये. काहून ते विचारू नको.

आजी

बालाघाट, १४ ऑगस्ट २०२४

समे,

विचारू नको म्हटलं तं तू चार पानं भरून तेच विचारलं. बापावरच गेली. एक पेच ढिला दिसला की पूरी मशीन खोलते.

सांगतो. पण पहिले कबूल कर की ही चिठ्ठी वाचून तू बसस्टँडवर जाणार नाही.

जानेवारीत मिलमध्ये पट्टा चढवताना त्याचा डावा हात आत गेला. करंगळी अन तिच्या बाजूचं बोट, दोन गेले. गोंदियाले दवाखान्यात नेलं होतं, बारा दिवस राह्यला. तू नागपुरात, दोन-तीन घंट्यावर. तुले सांगू देलं नाही. तुझ्या आईले, नूतनले म्हणे, “तिले सांगितलं तं मी पट्टी सोडून टाकीन.” नूतन डरली. मी नाही डरली, पण मीही गप बसली. ते माझं चुकलं. एकदा लिहिलं, परत लिहिणार नाही.

मिलचा मालक रोज निरोप देते, ये. नुसता उभा राहून पोरायले सांगत जा, म्हणते. हा जात नाही. म्हणते, पाना पकडता येत नाही तं मिस्त्री कायचा. सात महिने झाले घरात बसून. दाढी करत नाही. हात गमच्यात गुंडाळून बसते, जसं तिथं चोरीचा माल आहे. मी कायले पुस्तकाच्या मागं लागली ते आता समजलं? तुझी माफी एकीकडं. मले पोरगा खाटेवरून उठवाचा आहे.

आता येऊ नको. बोटं पाहाले आली असं त्याले वाटलं तं तो दार लावून घेईन अन मंग ते दार मी मेल्यावरच उघडन. दया घेऊन आलेली पोरगी त्याले नको.

अन अजून एक आहे, ते आजच निघू दे. तो आठवी नापास नाही. परीक्षेलेच बसला नाही. त्याचा बाप फागुनात गेला, परीक्षा चैतात होती. मिलवाले म्हणे, पोरगा आताच पाठवशील तं जागा आहे, मंग नाही. मी पाठवलं. त्याचं दप्तर मीच उतरवून ठेवलं. त्या दिवशी तू पाहुण्यायसमोर ‘नापास’ म्हटलं, तं तो तुले खरं सांगू शकत होता. मी चुलीपाशीच होती. त्यानं माझ्याकडं एकदा पाह्यलं अन मान खाली घातली. तुझं वाक्य त्यानं माझ्यासाठी खाल्लं. अन मी भाकरी पलटवत राह्यली.

तू लिहिलं होतं, “बाबा माझ्याशी अजून का बोलत नाही?” अर्धं उत्तर माझ्यापाशी होतं, ते देलं.

पुस्तक पाठव. मांडीवर उघडं राहणारं.

आजी

बालाघाट, ८ सप्टेंबर २०२४

समे,

तू आली नाही, हे पाहून मले पहिल्यांदा वाटलं की तुले अक्कल आहे.

ते तारेचं पुस्तक पोचलं, ज्याची पाठ तारेत गुंफली आहे. तू म्हणते गोदामात धूळ खाऊन राह्यलं होतं, कोणी घेत नव्हतं. कोण घेईन? वर ना फोटो, ना सूर्य. नुसतं लिहिलं, ‘धान मिल की मशीनें’. मी म्हटलं, हे काय पाठवलं पोरीनं, जे काम सुटलं तेच डोळ्यासमोर! धम्मपालनं शिक्का मारला, मी आणलं, खाटेच्या पायथ्याशी टाकलं अन बाहेर तूर निवडत बसली. भांडण झालं तं पळाले सोपं.

त्यानं मांडीवर ठेवलं. उघडलं. उघडंच राह्यलं. समे, तारेचं पुस्तक पूरं मागं पलटते, हे मले माहीत नव्हतं. उजव्या हातानं पान फिरवाचं, डाव्याचं कामच नाही. पहिला दिवस चित्रं पाह्यली. दुसऱ्या दिवशी चष्मा मांगितला. तिसऱ्या दिवशी नूतनले म्हणे, “पेन्सिल दे.” तिनं तुझी जुनी कंपास पेटी काढून देली, अन मी तिच्यावर डोळे वटारले, की आता रडशील तं पाह्य.

चवथ्या दिवशी घरातून ओरडला, “गलत!”

मी सूप टाकून आत गेली. वाटलं पडला की काय.

“हे पाह्य काय छापलं! साल काढाच्या मशीनचे दोन्ही रबर रोल म्हणे एकाच चालीनं फिरतात. एकाच चालीनं फिरले तं धान जसं वरून गेलं तसंच खाली येईन, सालीसकट! एक तेज पायजे, एक धीमा. तवा रगड बसते, तवा तांदूळ निघते. इतकं साधं! लिहिणारानं मिल पाह्यली तरी आहे का?”

“मले काय सांगते? मी चवथी शिकली.”

“मी आठवी शिकलो,” म्हणे. “पण हे गलत आहे.”

त्यानं ‘गलत’ असं मार्जिनमध्ये लिहिलं, खाली रेघ मारली. मंग डावा हात गमच्यातून काढला अन पान दाबून धरलं, चित्र काढाले. तीन बोटायनं. मी तिथंच उभी होती, तरी त्यानं लपवला नाही. दोन गोल काढले, एकावर लिहिलं तेज, एकावर धीमा.

आतापर्यंत सात ‘गलत’ झाले. इतका खूश मी त्याले तुझ्या दहावीच्या रिझल्टनंतर पाह्यला नव्हता. तू आयुष्यभर बरोबर पुस्तकं शोधत बसशील, पण बापाले आवडते ते चुकलेलं पुस्तक, बस चूक त्याच्या धंद्यातली पायजे.

तिकडं टेबल असन अजून, तं सांगून ठेवतो. मिस्त्रीले मिस्त्रीचं दे, डायव्हरले गाडीचं दे. पोरीचं बोट धरलेला बाप कोणालेच देऊ नको.

आजी

बालाघाट, ६ ऑक्टोबर २०२४

समे,

ही चिठ्ठी बसून वाच.

माझी चोरी पकडली गेली. कालची गोष्ट नाही, चैतराम म्हणते पहिल्या दिवसापासूनच पकडली होती. विहाराचा नियम असा, की जे पुस्तक दान येते त्याच्या पहिल्या पानावर देणाराचं नाव लिहा लागते. धम्मपाल प्रामाणिक माणूस, तुझ्या चिठ्ठीवरून दोन्ही पुस्तकांत जसंच्या तसं उतरवलं, गोल अक्षरात. मी पुस्तक मधातूनच उघडून पाहतो, पहिलं पान कधी पाह्यलंच नाही. इतकी हुशारी केली अन पुस्तकातच लिहिलं होतं!

काल चैतराम तारेचं पुस्तक घेऊन माझ्यापाशी आला. पहिलं पान काढलं, माझ्या नाकासमोर धरलं. “वाच.”

मी वाचलं. वेळ लागला. ‘धम्मदान: समीक्षा चैतराम मेश्राम, नागपूर.’

मले वाटलं आता फाडते. म्हटलं, “मीच सांगितलं होतं तिले. शिव्या मले दे.”

“तिचं लग्न झालं ना?” म्हणे.

“झालं. तीन वर्सं.”

“मंग मधात माझं नाव कायले लिहिते?”

“मले काय विचारते? तिले विचार.”

त्यानं पुस्तक मिटलं. नूतन दारात उभी होती, पदर तोंडाशी, पण आवाज काढला नाही, शिकली आता. मी म्हटलं, निघालीच आहे तं पूरी निघू दे. म्हटलं, “चैतराम, तिले माहीत नव्हतं. तू नापास झाला नाही, मी बसू देलं नाही. आता मी तिले लिहून देलं आहे.”

 मंग म्हणे, “कायले लिहिलं, माय? जुनी गोष्ट.”

“जुनी असन. खोटी होती.”

 उठून दुलीचंदकडं गेला, दाढी करून आला. अन आज सकाळी, समे, आज सकाळी चारले त्याच्या खाटेचा आवाज आला. मिलमध्ये गेला. कोणाले सांगितलं नाही. पुस्तक काखेत घेऊन गेला! दुपारी जेवाले आला तं कपड्यावर कोंडा होता. नूतननं तो झटकला नाही, तसंच जेवू देलं.

जेवता जेवता म्हणे, “माय, चिठ्ठी लिहिते ना तिले? लिही, की असं पुस्तक दुकानात ठेवू नये. कोणी वाचून मिल टाकन अन त्याचं धान खराब होईन.”

“लिहितो.”

“सात गलत्या आहेत. लिहून समजणार नाही. मशीनपाशी उभं राहून पाहा लागते.”

“मंग?”

“मंग काय? येऊन पाह्य म्हणा. लवकर. नवं धान आलं की मिलमध्ये पाय ठेवाले जागा राहत नाही.”

मी म्हटलं, “एकटी येईन का ती?”

तो भातात दाल कालवत राह्यला. माझ्याकडं न पाहता म्हणे, “तो मोबाईल खोलते ना? त्याले आण म्हणा. मशीन कशाले म्हणतात ते तरी पाह्यन.”

त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. माझा एकही जोडला नाही. ‘माफ केलं’ हा शब्द त्याच्यात कुठं नाही, शोधत बसू नको, अन आल्यावर तूही बोलू नको. हात पाहून रडू नको. तो जे दाखवन ते पाह्य, अन एखादी गोष्ट समजली नाही तं दोनदा विचार. दोनदा विचारलेलं त्याले आवडते.

शनिवारची बस पकडा. मी भात जास्त टाकतो.

मैनाबाई